शेजारच्या धुराचा ध्यास

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडे दूर, अटलांटिकचे वारे अंगावर घेत पसरलेले आयला हे एक लहानसे बेट आहे. बेटाच्या दक्षिण अंगाला पोर्ट एलन नावाचे बंदर आहे. तेथून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सहा किलोमीटरच्या आत, समुद्राच्या अगदी काठाशी तीन डिस्टिलऱ्या लागतात. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि त्यांवर समुद्रातूनही वाचता येतील अशी काळी ठसठशीत अक्षरे. पहिली लाफ्रॉइग, दुसरी लॅगाव्हूलिन, तिसरी आर्डबेग. पहिल्या दोहोंमधले अंतर जेमतेम दोन किलोमीटर. समुद्र तोच, पाऊस तोच, जमिनीतून खणून काढलेले जळणही एकाच जातीचे. असे असूनही या दोन ठिकाणांची व्हिस्की दोन पेल्यांत शेजारी शेजारी ओतून ठेवली, तर जाणकाराला डोळे मिटूनही कोणती कुठली हे सांगता येते. लाफ्रॉइगचा पेला नाकाशी नेताच आयोडीन, डांबर, जखमेवर बांधलेली पट्टी आणि ओले समुद्री शेवाळ यांचा उग्र दर्प येतो. लॅगाव्हूलिनमध्ये विझत आलेल्या शेकोटीचा धूर असतो, पण त्या धुराच्या पोटात सुक्या मेव्याचा गोडवा दडलेला असतो.

या दोन किलोमीटरांनी एका कर्तबगार, धनाढ्य आणि कमालीच्या हट्टी माणसाला आयुष्याची अखेरची सतरा वर्षे झुलवले. सर पीटर मॅकी हे त्यांचे नाव. ‘व्हाइट हॉर्स’ ही जगभर पोहोचलेली स्कॉच त्यांची निर्मिती. व्हिस्कीच्या व्यापारात त्यांनी जे जे मनात आणले, ते बहुतेक सारे करून दाखवले. शेजारच्या डिस्टिलरीचा धूर मात्र त्यांना आपल्या घरी आणता आला नाही.

पीटर जेफ्री मॅकी यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८५५ रोजी स्टर्लिंग शहरालगतच्या सेंट निनियन्स येथे झाला. मद्यनिर्मितीचा व्यवसाय घराण्यातच होता. त्यांचे काका जेम्स लोगन मॅकी हे ग्लासगोचे व्हिस्की व्यापारी. १८६० च्या दशकाच्या आरंभी लॅगाव्हूलिन डिस्टिलरीत त्यांनी भागीदारी मिळवली होती. १८७८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, पीटर काकांच्या पेढीत दाखल झाले आणि काम शिकण्यासाठी त्यांची रवानगी आयलाला झाली.

लॅगाव्हूलिनची जागा मुळातच गमतीची आहे. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ गिरणीजवळचा खळगा असा होतो. समोर छोटासा उपसागर, त्याच्या तोंडाशी डनिव्हेग किल्ल्याचे भग्न बुरूज. हा किल्ला एकेकाळी या बेटांवर सत्ता गाजवणाऱ्या मॅकडोनल्ड सरदारांचा. कायदेशीर डिस्टिलरी १८१६ मध्ये उभी राहिली, पण त्याआधी याच खळग्यात चोरून दारू गाळणाऱ्यांची लहान लहान खोपटी होती. आपल्याकडच्या खाडीकाठच्या हातभट्ट्यांचेच हे स्कॉटिश रूप म्हणायला हरकत नाही. सरकारी माणसाची चाहूल लागली की तांब्याचे भांडे उचलून पळायचे, हा रिवाजही सारखाच.

तरुण मॅकी यांनी तेथे जे पाहिले, ते समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. बार्ली म्हणजे जव पाण्यात भिजवून जमिनीवर पसरायचे, मोड येऊ द्यायचे आणि मोड पुरेसे आले की भट्टीवर वाळवून त्यांची वाढ थांबवायची. आयलावर झाडे फार कमी आणि कोळसा बाहेरून आणावा लागे. जळण म्हणून हाताशी होते ते पीट. दलदलीत हजारो वर्षे साचलेले शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपे अर्धवट कुजून त्यांचा जो काळपट, ओलसर थर बनतो, ते पीट. त्याच्या विटा कापून उन्हात वाळवतात. त्या पेटतात कमी आणि धुमसतात जास्त. तो दाट धूर जाळीवर पसरलेल्या ओलसर जवांत मुरतो. पुढे दळणे, गरम पाण्यात कालवणे, आंबवणे, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळणे आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे निजवणे इतके सारे संस्कार होऊनही त्या धुराची खूण पुसली जात नाही. रसायनशास्त्र त्याला फिनॉल म्हणते. ग्वायकॉलने धुराचा वास येतो, क्रेसॉलने औषधी झाक येते.

त्या काळी अशी धुरकट व्हिस्की एकटी पिणारे लोक बेटाबाहेर फारसे नव्हते. १८३० मध्ये पेटंट झालेल्या कॉफी यांच्या अखंड चालणाऱ्या यंत्रामुळे धान्यापासून सौम्य आणि स्वस्त मद्य मुबलक निघू लागले होते. त्यात निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट व्हिस्की मिसळून ब्लेंड करायचा, बाटलीवर एक नाव चढवायचे आणि इंग्लंडपासून वसाहतींपर्यंत विकायचे, हा नवा धंदा जोरात होता. या मिश्रणात आयलाच्या माल्टचे काम आमटीतल्या हिंगासारखे होते. चिमूटभर पडला तर सारी आमटी जागी होते, मूठभर पडला तर ताट बाजूला सारावे लागते. हा हिंग किती घालायचा याचा अंदाज ज्याच्या नाकाला, तो व्यापारी तरला. मॅकी यांच्यापाशी ते नाक होते, आणि लॅगाव्हूलिनमुळे हिंगाची डबीही घरचीच होती. तत्कालीन व्हिस्की उद्योगाची डिस्टिलरीवार पाहणी करून १८८७ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ काढणाऱ्या आल्फ्रेड बर्नार्ड यांनीही, ब्लेंडचा आधार न घेता स्वतःच्या बळावर उभ्या राहू शकणाऱ्या मोजक्या व्हिस्कींत लॅगाव्हूलिनची गणना केली होती.

१८९० च्या सुमारास काकांच्या पश्चात पेढीची सूत्रे मॅकी यांच्या हाती आली आणि त्यांनी आपल्या ब्लेंडसाठी नाव निवडले ‘व्हाइट हॉर्स’. एडिनबरोच्या कॅननगेट भागातील एका जुन्या खाणावळीचे हे नाव. १७४५ च्या बंडातील जेकबाइट अधिकारी तेथे उतरत असत आणि तेथून लंडनला घोडागाड्या सुटत. मॅकी कुटुंबाचे जुने घर त्याच परिसरात होते. इतिहास, देशाभिमान आणि प्रवास या तिन्हींना एका पाटीवर बसवण्याची ही हातोटी पाहिली, म्हणजे जाहिरातशास्त्र हा शब्द रूढ होण्यापूर्वीच हा गृहस्थ त्यात पारंगत होता हे मान्य करावे लागते. पाठोपाठ १८९१ मध्ये स्पे नदीच्या खोऱ्यात क्रेगेलाकी डिस्टिलरीच्या स्थापनेत त्यांनी भागीदारी केली. १८९८ मध्ये पॅटिसन बंधूंच्या बेछूट सट्टेबाजीचा फुगा फुटला आणि व्हिस्कीच्या धंद्यातील अनेक पेढ्या त्याखाली गाडल्या गेल्या. मॅकी यांची पेढी टिकली.

भोवतालचे लोक त्यांना ‘रेस्टलेस पीटर’ म्हणत. स्वस्थ बसणे हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. व्हिस्कीखेरीज त्यांनी काँक्रीटच्या फरशा, हायलँडचे ट्वीड कापड, गुरांचे खाद्य असे नाना उद्योग करून पाहिले. ‘बीबीएम’ या नावाचे एक पौष्टिक पीठ त्यांनी तयार करवले. त्यातल्या तीन अक्षरांनी कोंडा, हाडे आणि स्नायू यांचा निर्देश होई. आपल्या नोकरांच्या घरी हेच पीठ वापरले गेले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मालकाच्या व्हिस्कीची सक्ती झाली असती तर नोकरांनी ती हसत सोसली असती, पण वाट्याला आले पीठ! शिकारीची जमीन राखणाऱ्या रखवालदारांसाठी त्यांनी ‘द कीपर्स बुक’ नावाचे पुस्तक सिद्ध केले, ते १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. कट्टर साम्राज्यवादी आणि आयातकराचे पुरस्कर्ते असलेल्या या व्यापाऱ्याने पुढे १९१९ मध्ये युगांडाच्या मानववंशशास्त्रीय मोहिमेचा खर्च उचलला. जॉन रॉस्को यांनी केलेले ते संशोधन आजही मॅकी यांच्या नावाने ओळखले जाते.

या सगळ्या खटाटोपात आयलाचा आणखी एक धागा मॅकी यांच्या हाती होता. शेजारची लाफ्रॉइग ही जॉन्स्टन घराण्याची डिस्टिलरी, स्थापना १८१५. तिच्या व्हिस्कीच्या विक्रीची एजन्सी अनेक वर्षे मॅकी यांच्या पेढीकडे होती. म्हणजे एका हातात लॅगाव्हूलिनचा धूर, दुसऱ्या हातात लाफ्रॉइगचा. ब्लेंड करणाऱ्याला याहून अधिक काय हवे? परंतु १९०७ मध्ये हा संबंध तुटला. जॉन्स्टन कुटुंबाला तो करार जाचू लागला होता. त्यांनी एजन्सी काढून घेतली. मॅकी न्यायालयात गेले आणि हरले.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते एखाद्या गावातल्या बांधावरच्या भांडणात शोभले असते. लाफ्रॉइगला पाणी पुरवणारा ओढा त्यांनी माणसे पाठवून दगड टाकून बुजवला. पाण्यावाचून डिस्टिलरी म्हणजे आडावाचून गाव. जव भिजवायला पाणी, कालवायला पाणी, वाफ थंड करायलाही पाणीच. जॉन्स्टन मंडळींना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि न्यायालयाच्या हुकुमाने ओढा पूर्ववत वाहू लागला. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात आपल्या बाटल्या पाठवणाऱ्या माणसाने एका ओढ्यात दगड टाकावेत, ही गोष्ट त्यांच्या थोरवीत भर घालणारी नाही. चरित्रकारांनी ती रंगवून सांगितली आहे. मॅकी यांचा कैवार घेण्याचे धाडस मात्र फारसे कोणी केलेले दिसत नाही.

पाणी अडवून भागत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा, अधिक खर्चाचा आणि अधिक विलक्षण मार्ग धरला. लाफ्रॉइगची व्हिस्की मिळत नसेल तर ती आपणच बनवायची. १९०८ मध्ये लॅगाव्हूलिनच्याच आवारात त्यांनी एक छोटी स्वतंत्र डिस्टिलरी उभारली. तिचे नाव ‘माल्ट मिल’. तिला जव वाळवण्याची स्वतःची भट्टी होती आणि त्या भट्टीत कोळशाचा एक तुकडाही न घालता केवळ पीट जाळले जाई. ऊर्ध्वपातनाची दोन भांडी नासपतीच्या आकाराची, शेजारच्या धर्तीवर घडवलेली. एवढ्यावर न थांबता, लाफ्रॉइगमध्ये मुरलेला एक कारागीरही त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला. जळण तेच, भांड्यांची घडण तीच, भांड्यांपुढे उभा राहणारा माणूसही तोच.

पेल्यात उतरली ती मात्र लाफ्रॉइग नव्हती.

लॅगाव्हूलिनही नव्हती, हे विशेष. जुन्या पद्धतीची, भरपूर धुराची अशी एक तिसरीच व्हिस्की निघाली. ती चांगली होती, मॅकी यांच्या ब्लेंडमध्ये आनंदाने खपून जाई, पण ज्या नाकासाठी हा सारा प्रपंच मांडला होता, त्या नाकाला फसवणे तिला जमले नाही. असे का झाले असावे? आयलावरचे जुने लोक पाण्याकडे बोट दाखवत. माल्ट मिलला मिळणारे पाणी लॅगाव्हूलिनचेच होते आणि जव कालवण्याचे मोठे भांडेही लॅगाव्हूलिनबरोबर सामाईक होते. पण पाण्यापेक्षा अधिक पटणारे उत्तर गाळण्याच्या पद्धतीत सापडते.

महाराष्ट्रात पहिल्या धारेच्या दारूचे मोठे कौतुक. स्कॉटलंडमध्ये पहिली धार पिंपात जाऊ देत नाहीत. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात सुरुवातीला जो अर्क उतरतो तो फार तीव्र आणि घातक द्रव्यांचा, म्हणून तो बाजूला काढून पुन्हा गाळण्यासाठी ठेवतात. मग मधली धार पिंपांसाठी राखतात आणि शेवटची पुन्हा बाजूला सारतात. कोणत्या क्षणी मधली धार सुरू झाली म्हणायचे आणि कोणत्या क्षणी संपली, यावर चवीचे निम्मे भवितव्य ठरते. फळांसारखी गोडसर द्रव्ये आधी येतात. डांबरी, औषधी वासाची जड द्रव्ये उशिरा. लाफ्रॉइगमध्ये सुरुवातीची धार तब्बल पाऊण तास बाजूला काढली जाते. इतर ठिकाणांच्या मानाने हा वेळ पुष्कळच मोठा आहे. साहजिकच आरंभीचा गोडवा निसटतो आणि मागचा आयोडीनचा दर्प ठळक होतो. लॅगाव्हूलिनची रीत वेगळी. तेथे दुसरे ऊर्ध्वपातन मंद आचेवर नऊ तासांहून अधिक चालते, वाफ तांब्याशी दीर्घकाळ खेळत राहते आणि धुराला गोलाई येते. पीटचा धूर जवळजवळ सारख्याच प्रमाणात मुरलेले जव घेऊनही दोन घरांची चव अशी दोन वाटांनी जाते. याशिवाय भांड्याच्या मानेचा कोन, आंबवण्याचा अवधी, कोठारात पिंपे कुठे ठेवली आणि त्या पिंपांत आधी काय भरले होते, अशा शंभर बारीक गोष्टी. मॅकी यांनी त्यांतल्या दहा-पाच नेमक्या उचलल्या. उरलेल्या त्यांनी नेलेल्या कारागिरालाही शब्दांत सांगता आल्या नसत्या.

माल्ट मिलचे धूर निघू लागले, तोवर लंडनहून दुसरेच संकट आले. १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांनी मद्यावरील कर प्रत्येक प्रूफ गॅलनमागे ११ शिलिंगांवरून १४ शिलिंग ९ पेन्स केला. प्रूफ हे मद्याच्या तीव्रतेचे ब्रिटिश माप. शंभर प्रूफ म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ५७ टक्के मद्यार्क. मॅकी यांनी या अर्थमंत्र्याविरुद्ध उघड आघाडी उघडली आणि ते वैर अखेरपर्यंत जपले. त्यांची दुसरी मोहीम होती कच्च्या व्हिस्कीविरुद्ध. पिंपात पुरेसा काळ न मुरलेली, घशाला जाळणारी दारू व्हिस्की म्हणून विकली जाऊ नये, तिला कायद्याने किमान वयाचे बंधन असावे, असे ते सातत्याने मांडत राहिले. नियतीचा विनोद असा, की ही मागणी पुरी झाली ती महायुद्धाच्या धामधुमीत आणि लॉइड जॉर्ज यांच्याच पुढाकाराने. १९१५ च्या कायद्याने आधी दोन आणि मग तीन वर्षांची मर्यादा घातली. स्कॉचसाठी तीन वर्षांचा तो नियम आजही लागू आहे.

त्याच युद्धाने आणखी एक बदल केला. १९१७ मध्ये सरकारने सक्तीने व्हिस्कीची तीव्रता खाली आणली, ती ७० प्रूफवर, म्हणजे ४० टक्क्यांवर. बाटलीवर दिसणारा ४० हा आकडा अनेकांना परंपरेचा वाटतो. त्याची मुळे युद्धकालीन काटकसरीत आहेत. मॅकी यांनी तरुणपणी लॅगाव्हूलिनच्या कोठारात पिंपातून थेट काढलेली जी व्हिस्की चाखली असेल, ती याहून कितीतरी जहाल. तशी व्हिस्की आता पुन्हा बाटलीबंद मिळते. तिच्यात पाणी न घालता भरलेला मद्यार्क ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात असतो. ती चाखण्याची रीत सावधपणाची आहे. पेला नाकात खुपसायचा नाही, हनुवटीशी धरून वास वर येऊ द्यायचा, तोंड किंचित उघडे ठेवायचे. पहिला घोट थेंबभर, जिभेला वर्दी देण्यापुरता. मग चमच्याने पाण्याचे काही थेंब. त्या थेंबांनी मद्यार्काची आग खाली बसते आणि धूर उमलून वर येतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील दोघा संशोधकांनी संगणकीय प्रारूपाने याचे कारण दाखवले. मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली असले, की ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात. त्याहून तीव्र मिश्रणात ते मद्यार्काच्या गराड्यात आत अडकून पडतात. ब्लेंड करणारे पाणी मिसळूनच नमुन्यांचा वास घेत आले आहेत, ते या विज्ञानाची वाट न पाहता.

युद्धाने मॅकी यांच्याकडून घेतले ते मात्र कशानेही भरून येणारे नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा रणांगणावर मारला गेला. काकांचेच नाव त्याला दिले होते. पेढी मोठी झाली होती, कीर्ती झाली होती. १९२० मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला आणि ते सर पीटर झाले. किताब वंशपरंपरागत, पण तो पुढे चालवायला वंशज उरला नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत दारूबंदी आली आणि ब्रिटनमध्ये कर गॅलनमागे ७२ शिलिंग ६ पेन्सवर जाऊन पोहोचला.

त्या पडत्या काळातही त्यांनी खरेदी थांबवली नाही. किंटायर द्वीपकल्पावरच्या कॅम्पबेलटाउनमधील हेझलबर्न ही मोठी डिस्टिलरी १९२० मध्ये त्यांच्या पेढीने विकत घेतली. त्या वर्षी तेथे एक जपानी तरुण काम शिकत होता. हिरोशिमाजवळच्या साके बनवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा, नाव मासाताका ताकेत्सुरू. हेझलबर्नचे व्यवस्थापक पीटर इनेस यांनी त्याला भट्टीपासून पिंपापर्यंत सारे उघड करून दाखवले. त्याने वह्या भरून टिपणे काढली, भांड्यांच्या आकृत्या रेखाटल्या आणि नवपरिणीत स्कॉटिश पत्नी रीटा हिच्यासह तो मायदेशी परतला. पुढे १९३४ मध्ये होक्काइदो बेटावर योइची येथे त्याने आपली डिस्टिलरी काढली, तेथील तांब्याच्या भांड्यांखाली कोळशाची थेट आच ठेवली आणि जपानला धुरकट व्हिस्कीची ओळख करून दिली. मॅकी यांना दोन किलोमीटरांवरून जे उचलता आले नाही, त्याच जातीचे काही त्यांच्याच पेढीच्या आवारातून निम्मी पृथ्वी ओलांडून गेले. ताकेत्सुरू यांना नक्कल साधायची नव्हती, शिकायचे होते. आणि शिकवणाऱ्याने दार आतून उघडले होते. योइचीची व्हिस्की योइचीचीच झाली, आणि तिच्याकडून कोणी दुसरी अपेक्षाही केली नाही.

इकडे आयलावर लाफ्रॉइगची सूत्रे जॉन्स्टन घराण्यातील तरुण इयन हंटर यांच्याकडे आली होती. ते पेशाने अभियंता आणि स्वभावाने कमालीचे सावध. दोन्ही डिस्टिलऱ्यांच्या जमिनी एकाच जमीनदार घराण्याच्या. लाफ्रॉइगचा भाडेपट्टा १९२१ मध्ये संपत होता आणि ती जागा हातची जाते की काय, अशी धास्ती होती. हंटर यांनी पैसा उभा करून जमीनच विकत घेतली आणि दोन वर्षांत भांड्यांची संख्या दोनावरून चारावर नेली. शेजारचा धूर मिळवण्याची मॅकी यांची ती अखेरची संधी होती. २२ सप्टेंबर १९२४ रोजी एअरशरमधील कोरेथ या आपल्या राहत्या वास्तूत ते निवर्तले. वय ६८.

त्यांच्या पश्चात पेढीने ‘व्हाइट हॉर्स डिस्टिलर्स’ हे नाव घेतले. १९२६ मध्ये बुचाऐवजी फिरकीचे झाकण आणून तिने विक्रीत मोठी झेप घेतली, आणि १९२७ मध्ये ती डिस्टिलर्स कंपनी या बलाढ्य समूहात विलीन झाली. लॅगाव्हूलिनचे भाग्य पुढे उजळले. १९८८ मध्ये सहा निवडक सिंगल माल्टच्या मालिकेत तिची सोळा वर्षांची व्हिस्की जगापुढे आली आणि मॅकी यांच्या काळी ब्लेंडचा हिंग असलेली चीज स्वतंत्र पक्वान्न म्हणून चवीने प्यायली जाऊ लागली.

माल्ट मिल मात्र १९६२ पर्यंत चालत राहिली, मालक गेल्यानंतरही अडतीस वर्षे, जिच्यासाठी जन्मली तिच्यासारखी कधीच न होता. मग तिचे काम थांबवून तिची भांडी लॅगाव्हूलिनमध्ये सामावून घेण्यात आली, आणि १९६९ मध्ये तीही निघाली. तिची व्हिस्की सिंगल माल्ट म्हणून बाटलीबंद झाली नाही. सारी ब्लेंडमध्ये विरघळून गेली. २०१२ मध्ये केन लोच यांनी ‘द एंजल्स शेअर’ या चित्रपटात माल्ट मिलचे एक काल्पनिक पिंप लिलावात दहा लाख पौंडांच्या वर नेऊन ठेवले. प्रत्यक्षात पिंप कुठेच नाही. जेथे कधीकाळी केवळ पीट जाळणारी ती भट्टी होती, त्या इमारतीत आज लॅगाव्हूलिन पाहायला येणाऱ्यांचे स्वागत होते. डिस्टिलरीने एक छोटी बाटली जपून ठेवली आहे. तिच्यात १९६२ मधल्या शेवटच्या धारेचा, पिंपाचा स्पर्शही न झालेला, पाण्यासारखा स्वच्छ अर्क आहे. तो पिण्यासाठी नाही.